आंशिक गुडघेबदल: पाय सरळ करण्याची घाई नको

‘थोडाच भाग बदलायचाय, म्हणजे ऑपरेशन सोपं. आणि ते झालं की वाकडा पाय एकदम सरळ.’ आंशिक गुडघेबदल ठरला की नातेवाइकांकडून असं हमखास ऐकू येतं. यातला दुसरा समज मला जास्त धोक्याचा वाटतो.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. अनेकांचा फक्त आतला कप्पा झिजतो. बाकी गुडघा आणि लिगामेंट शाबूत असतील, तर तेवढाच कप्पा बदलता येतो. पूर्ण गुडघेबदलात गरजेप्रमाणे लिगामेंट सैल करून पाय सरळ रेषेत आणता येतो. आंशिकमध्ये मात्र लिगामेंट सैल करत नाहीत, त्यांचा मूळचा ताण परत मिळवतात. जितकं झिजलं तितकंच भरायचं. पाय आणखी सरळ दिसावा म्हणून मधलं प्लास्टिक जास्त जाड घातलं, तर भार बाहेरच्या निरोगी कप्प्यावर सरकतो आणि तोही झिजू लागतो.

शिवाय सगळ्यांचे पाय मुळात सरळ असतात कुठे? बेल्जियममध्ये २० ते २७ वयाच्या, गुडघ्याची काहीही तक्रार नसलेल्या २५० जणांची तपासणी झाली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय मूळ घडणीनेच तीन अंश किंवा अधिक बाहेर वाकलेले होते. अशा माणसाला ऑपरेशननंतर थोडा बाक राहिला, तर ते डॉक्टरांचं अपयश नव्हे.

मग काप नेमका कुठे घ्यायचा, हे कशावरून ठरतं? अनेकांना वाटतं, एक्स-रेवरून. एक्स-रेने नियोजन होतं, पण टेबलावर खरा आधार हाडांवरच्या खुणांचा. नडगीच्या हाडावर दोन काप घेतात. आडव्या कापासाठी मार्गदर्शक पट्टी पायाच्या बाहेरून, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, नडगीला समांतर लावतात. हा काप मागे किंचित उतरता ठेवतात; ऑक्सफर्ड पद्धतीच्या सांध्यात हा उतार सात अंशांचा धरतात.

उभा काप त्याहून नाजूक. नडगीच्या माथ्यावर मध्यभागी हाडाचे दोन छोटे उंचवटे असतात. त्यांतल्या आतल्या उंचवट्याच्या शिखराला लागून, पुढच्या क्रुसिएट लिगामेंटच्या कडेने करवत चालते. ती मध्याकडे सरकली तर लिगामेंट दुखावतं. आतल्या कडेकडे सरकली तर सांध्याला पुरेशी जागा उरत नाही. मागच्या बाजूला ती गरजेपेक्षा खोल गेली, तर पुढे नडगीचं हाड मोडण्याचा धोका वाढतो. करवतीची दिशा ठरवायला बरेच सर्जन कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणारं हाडाचं टोक धरतात. जपानी सर्जन अकागी यांनी २००४ मध्ये पूर्ण गुडघेबदलासाठी सुचवलेली रेषाही काही जण वापरतात. ती मागच्या क्रुसिएट लिगामेंटच्या मध्यापासून वाटीखालच्या स्नायुबंधाच्या आतल्या कडेपर्यंत जाते. माणसागणिक हाडांची घडण बदलते, म्हणून एकाच खुणेवर विसंबणं मला योग्य वाटत नाही. एकीने सांगितलेलं दुसरीवर पडताळून पाहावं.

‘रोबोट असला की खुणांची गरजच नाही,’ हेही खरं नाही. पाय गोल फिरवून खुब्याचा मध्य आणि सळई टेकवून घोट्याची दोन्ही हाडं सर्जनच रोबोटला दाखवतो. ते चुकलं, तर यंत्र चुकीची जागाही तितक्याच अचूकपणे कापेल.

राहिला सोपेपणाचा समज. चीर लहान असल्याने दिसतं कमी, त्यामुळे खुणा ओळखण्याचा सराव जास्त लागतो. ब्रिटनमध्ये ५२८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१९) पाच वर्षांनी आंशिक आणि पूर्ण बदलाचे रुग्ण जवळपास सारखेच समाधानकारक चालत-फिरत होते. मात्र तिथल्याच राष्ट्रीय नोंदींत आंशिक सांध्यांवर पुन्हा ऑपरेशन होण्याचं प्रमाण पूर्ण सांध्यांपेक्षा जास्त दिसतं. ज्या सर्जनांच्या एकूण गुडघेबदलांत आंशिकचा वाटा किमान २० टक्के असतो, त्यांच्याकडे ते उतरतं. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना हा वाटा जरूर विचारा.