सरासरीत न बसणारा टिम रेन्स

टोनी ग्विन आणि टिम रेन्स हे अमेरिकी बेसबॉलमधले दोन आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मागच्या, कुंपणाकडच्या पट्ट्यात क्षेत्ररक्षण करणारे खेळाडू. दोघांचा काळ जवळपास एकच, १९८० आणि १९९०ची दशके, आणि दोघेही दहा हजारांहून अधिक वेळा बॅट घेऊन उभे राहिले. सॅन दिएगो पाद्रेसकडून सगळी कारकीर्द खेळलेल्या ग्विनची सरासरी ०.३३८, माँट्रियल एक्स्पोजकडून नाव कमावलेल्या रेन्सची ०.२९४. ग्विनने नॅशनल लीगमध्ये सरासरीचे अव्वल स्थान आठ वेळा मिळवले, रेन्सने एकदाच, १९८६मध्ये. हॉल ऑफ फेममध्ये जाण्यासाठी बेसबॉल पत्रकारांची ७५ टक्के मते लागतात. ग्विनला २००७मध्ये पहिल्याच फेरीत ९७.६ टक्के मिळाली, रेन्सला पुढच्याच वर्षी २४.३. त्याची निवड झाली ती दहाव्या आणि शेवटच्या संधीला, २०१७मध्ये. एवढे अंतर या दोघांच्या खेळात कधीच नव्हते, असे माझे ठाम मत आहे. धावा उभ्या करण्याच्या कामात रेन्स ग्विनच्या तोडीस तोड होता.

हे पटण्यासाठी सरासरी काय मोजते ते आधी पाहायला हवे. बेसबॉलमध्ये बॅटरने चेंडू मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, गाठला की ती हिट; सरासरी म्हणजे खेळींमागे अशा हिटचे प्रमाण. पिचरने ठरलेल्या कक्षेबाहेर टाकलेले चार चेंडू बॅटरने न मारता सोडले, तर त्याला पहिला बेस आपोआप मिळतो, हा वॉक. पण सरासरी काढताना वॉक जमेतही नसतो आणि खर्चातही नसतो, जणू तो खेळला गेलाच नाही. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज, आधी क्रिकेटचे वार्तांकन करणारा पत्रकार. वॉक म्हणजे पिचरची चूक, बॅटरची कमाई नव्हे, ही त्याची दृष्टी. वाइड चेंडूची धाव फलंदाजाच्या नावावर लागत नाही, हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला ती लगेच पटेल. पण वाइडवर फलंदाज काही करत नाही. वॉक मिळवण्यासाठी मात्र ताशी १४० किलोमीटरहून अधिक वेगाने येणारा चेंडू कक्षेच्या आत पडणार की बाहेर, हे निमिषार्धात ओळखून बॅट आवरावी लागते, तीही एकाच खेळीत चार वेळा. हे कसब काही बॅटरांकडे वर्षानुवर्षे टिकते आणि काहींकडे कधीच नसते; मग त्याला निव्वळ पिचरची चूक कसे म्हणायचे?

आता वॉक हिशेबात घ्या. ग्विनच्या हिट ३,१४१, रेन्सच्या २,६०५. ग्विन ५३६ने पुढे. वॉक ग्विनचे ७९०, रेन्सचे १,३३०. रेन्स ५४०ने पुढे. चेंडू अंगावर लागून मिळालेले बेस धरले तर ग्विन एकूण ३,९५५ वेळा बेसवर पोचला आणि रेन्स ३,९७७ वेळा. रेन्सच्या खेळी थोड्या जास्त होत्या, त्यामुळे बेसवर पोचण्याचे प्रमाण ग्विनचे ०.३८८ आणि रेन्सचे ०.३८५ पडते. सरासरीतली ४४ सहस्रांशांची दरी इथे तिनावर येते.

हिट आणि वॉक सारखे कसे, हा आक्षेप रास्त आहे. हिटवर पुढे उभे असलेले सहकारी एक-दोन बेस सरकतात, वॉकवर बहुधा जागचे हलत नाहीत. हजारो सामन्यांच्या नोंदींवरून अभ्यासकांनी काढलेल्या अंदाजानुसार एका बेसची साधी हिट साधारण अर्ध्या धावेच्या मोलाची आणि वॉक एक तृतीयांश धावेच्या आसपास. म्हणजे या अदलाबदलीत ग्विन सुमारे ८० धावांनी पुढे राहतो. लांब फटक्यांत फारसा फरक नाही: दोन बेसचे फटके ग्विनचे अधिक, तीन बेसचे फटके आणि होमरन रेन्सचे अधिक. पण बेसवर पोचल्यानंतर काय? रेन्सने ८०८ बेस चोरले, म्हणजे सहकाऱ्याच्या फटक्याची वाट न पाहता पळून पुढचा बेस गाठला, आणि त्या प्रयत्नात तो १४६ वेळाच बाद झाला. ग्विनने ३१९ चोरले, १२५ वेळा बाद झाला. चोरीचा फायदा साधारण ०.२ धावेचा, पकडले जाण्याचा तोटा त्याच्या दुप्पट. या दराने ग्विनच्या धावण्यातून जेमतेम १४ धावा निघतात, रेन्सच्या धावण्यातून शंभराच्या वर. ग्विनची आघाडी इथे पुरती फिटते.

रेन्सने १,५७१ वेळा धाव पूर्ण केली, ग्विनने १,३८३ वेळा, हा पुरावा मी वापरत नाही. रेन्स बहुतेक काळ क्रमात पहिला यायचा आणि मागचे सहकारी त्याला घरी आणायचे. मग ग्विनच्या फटक्यांवर आलेल्या १,१३८ धावा विरुद्ध रेन्सच्या ९८० हाही पुरावा सोडावा लागतो, कारण त्यासाठी पुढे कोणीतरी बेसवर उभे असावे लागते. क्षेत्ररक्षणाचा मुद्दा मात्र निर्विवाद ग्विनचा. उजव्या बाजूला खेळून त्याने क्षेत्ररक्षणासाठीचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले; रेन्सची डावी बाजू तुलनेने सोपी मानली जाते. सर्वांगीण खेळाडू म्हणून कुणी ग्विनला किंचित वर ठेवले तर मी भांडणार नाही, पण ते 'किंचित'च. राहिला कोकेनचा डाग. १९८२मध्ये आपण त्याच्या आहारी गेलो होतो हे रेन्सने स्वतः कबूल केले आणि तो मोसम संपल्यावर उपचार घेतले. खेळाडू म्हणून त्याचे मोल ठरवताना ते वर्ष जरूर धरावे, पण मग त्यापाठोपाठचे १९८३ही धरावे लागेल: त्या मोसमात त्याने ९० बेस चोरले आणि १३३ वेळा धाव पूर्ण केली.