हेल्पलाइनपासून समुपदेशकाच्या खोलीपर्यंत

नव्वदीच्या दशकाच्या उंबरठ्यावर महाराष्ट्रातला विद्यार्थी समुपदेशकाकडे जायचा तो बहुधा शाखा निवडायला. रात्र-रात्र झोप लागत नाही, वर्गात बसवत नाही, जगणंच नकोसं वाटतं, असल्या गोष्टी तो मित्राला सांगे, नाहीतर कुणालाच नाही.

१९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था उभी केली. मनाचं आरोग्य त्यांनी इस्पितळाबाहेर, समाजात आणलं. संस्थेच्या ‘वेध’ परिषदांमध्ये करिअरच्या जोडीनं मनाबद्दलही मोकळेपणानं बोललं जाऊ लागलं.

पुढचं मोठं पाऊल टेलिफोननं टाकलं. २०१२मध्ये मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा सुरू केली. फोन आणि ईमेल, पुढे चॅटही. अशा सेवेत पलीकडचा प्रशिक्षित समुपदेशक उपदेश करत नाही. आधी ऐकून घेतो. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे न कचरता, स्पष्ट शब्दांत विचारतो. आत्ता जवळ कोण आहे, आजची रात्र सुखरूप कशी जाईल, हे फोन करणाऱ्याशी बोलून ठरवतो. असा थेट प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात आत्महत्येचा विचार नव्यानं शिरत नाही. उलट कोंडलेलं बोलायला वाट मिळते.

कायदा मात्र मागेच होता. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकत होता. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू झाला आणि अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असं गृहीत धरून तिला शिक्षा न करण्याचं धोरण आलं. उपचारांतल्या गोपनीयतेचा हक्कही याच कायद्यानं दिला.

कोविडकाळात, जुलै २०२०मध्ये, केंद्रानं विद्यार्थ्यांसाठी ‘मनोदर्पण’ हा मानसिक आधाराचा उपक्रम सुरू केला. १० ऑक्टोबर २०२२ला ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय हेल्पलाइन आली.

त्याच वर्षी देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातले होते.

मार्च २०२५मध्ये दिल्ली आयआयटीतल्या दोन विद्यार्थ्यांच्या मृत्यूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. २५ जुलैला दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयानं पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं, कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. फरीदाबादच्या जे. सी. बोस विद्यापीठापासून गोंदियातल्या महाविद्यालयापर्यंत सगळ्यांना ही तत्त्वं बंधनकारक आहेत.

आता कसोटी अंमलबजावणीची आहे. एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात ‘समुपदेशन प्रमुख’ हे जादा काम अडकवून ही अट पुरी होत नाही. जो उद्या आपला पेपर तपासणार, त्याच्यापुढे मुलगी मन मोकळं कसं करेल? प्रशिक्षित माणूस, त्याला पूर्ण वेळ, प्राचार्यांच्या दालनापासून दूर अशी खोली आणि तिथलं बोलणं तिथेच राहील याची हमी, एवढं प्रत्येक संस्थेनं द्यायलाच हवं. टेलि-मानसचा क्रमांक वसतिगृहात आणि वर्गांत ठळक अक्षरांत लावा, असंही न्यायालयानं सांगितलं आहे. तो क्रमांक १४४१६. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येतं.