अंध माणसाला टच फोन: काही गैरसमज

‘दिसत नाही त्याला टचचा फोन काय कामाचा? बटणाचाच द्या.’ जुन्नर, नारायणगाव, मंचर, कुठल्याही मोबाइलच्या दुकानात अंध गिऱ्हाईक गेलं की हा सल्ला मिळतो, आणि बहुतेकदा तो सोबतच्या नातेवाइकाला मिळतो. काळजीपोटी दिलेला असला तरी तो चुकीचा आहे. बटणाच्या फोनवर बोटांना आकडे सापडतात, पण मेसेज कोणाचा आला, त्यात काय लिहिलंय, हे बहुतेक साधे फोन सांगत नाहीत. टच फोन सांगतो. २००९ साली आयफोनवर स्क्रीन वाचून दाखवणारं व्हॉइसओव्हर आलं, अँड्रॉइडवर टॉकबॅकही त्याच वर्षी. काचेवर बोट फिरेल तिथलं नाव फोन बोलतो, बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतो, आणि डबल टॅप केल्याशिवाय काही उघडत नाही. ही शेवटची गोष्ट ठाऊक नसली की दुकानदार म्हणतो, ‘फोन हँग झाला.’

टॉकबॅक विकत घ्यावं लागत नाही. जवळपास प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीखाली ते असतं.

‘मग आयफोनच लागेल, तो परवडायचा नाही.’ आयफोन चांगलाच आहे, पण मध्यम किमतीचा अँड्रॉइडही रोजची कामं नीट करतो. अगदी स्वस्त, कमी रॅमचा फोन मात्र टाळावा, कारण बोट पुढे जातं आणि आवाज मागे रेंगाळतो. आवाज असा रेंगाळतो का, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून दुकानातला चालू फोन मागावा, आवाजाची दोन्ही बटणं एकत्र तीनेक सेकंद दाबून धरावीत (टॉकबॅक सुरू झालं नाही तर सेटिंगमधून करावं) आणि फोन वापरणाऱ्याच्याच हातात द्यावा. त्याने भराभर बोट सरकवून पाहावं. बोटाच्या ठशाचा सेन्सर बाजूच्या बटणात असला तर बोटाला लगेच लागतो. काचेखाली असला तर चाचपडत बसावं लागतं. वळणदार कडांच्या स्क्रीनला तळहात लागून भलतंच उघडतं. इअरफोनची पिन बसते का, तेही पाहावं. एसटीत बँकेचा मेसेज मोठ्याने ऐकायची वेळ कोणावर येऊ नये.

‘तो इंग्रजीतच बोलतो’ हेही जुनं झालं. गूगलच्या आवाजात मराठी आहे, फक्त ती निवडून डाउनलोड करावी लागते. डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या बाजूला रेंज जाते. मंचरला वायफायवरच आवाज उतरवून घेतला तर पुढे नेटशिवायही फोन वाचत राहतो. फोटोचं वर्णन करणाऱ्या सोयींना मात्र बहुधा नेट लागतं. नारायणगावच्या टोमॅटोचे भाव ग्रुपवर फळ्याचा फोटो काढून टाकले, तर अंध शेतकऱ्याला नुसतं ‘फोटो’ एवढंच ऐकू येतं. क्रेटचा भाव टाइप करा, असं ग्रुपवर हक्काने सांगावं.

कमी दिसणाऱ्यांच्या बाबतीत सगळे मोठ्या स्क्रीनच्या मागे लागतात. पण रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या आजारात नजरेचं क्षेत्र आकसतं. अशा माणसाला स्क्रीन जितका मोठा, तितकी शोधाशोध जास्त. त्याला काळ्या पार्श्वभूमीवरची ठळक अक्षरं बरी पडू शकतात. ज्याची मधली नजर गेली आहे, त्याला मोठं करून दाखवणारी सोय उपयोगी. मोतीबिंदू असलेल्याला चकाकी सोसत नाही. म्हणून फोन दुकानाबाहेर उन्हात नेऊन पाहावा. थोडं दिसतं म्हणून आवाजाची मदत घ्यायची नाही, असंही नाही. डोळे दमले की ऐकावं.

राहिले पैशाचे व्यवहार. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ हे ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे, आणि त्याला नेट लागत नाही. यूपीआयचा पिन टाकताना इअरफोन लावावा आणि टॉकबॅकमधून स्क्रीन काळा करावा, म्हणजे शेजारच्याला ना दिसतं ना ऐकू येतं. काही ॲप्समध्ये नुसतं ‘बटण, बटण’ ऐकू येतं. तो दोष ॲप बनवणाऱ्यांचा. त्यापायी फोन बदलू नये, तक्रार करावी. केवायसीला ‘डोळे मिचकवा’ म्हणणाऱ्या ॲपपुढेही गप्प बसू नये. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं आणि डोळे मिचकवण्याला पर्याय देण्याचे निर्देशही दिले. बँकेच्या शाखेत अर्ज देताना या निकालाची तारीख लिहावी आणि पोच घ्यावी.