जांभळाला रकाना नव्हता

मृगाच्या सरी पडू लागल्या की आमच्या नाशकात त्र्यंबक रस्त्याच्या कडेनं जांभळांच्या पाट्या दिसू लागतात. हरसूल-पेठकडच्या बाया पहाटेच निघून आलेल्या असतात. पानांच्या द्रोणात काळीभोर, टपोरी जांभळं. तिथं घासाघीस करणं मला जमत नाही. बँकेत असताना दुसऱ्याच्या पैशाचा हिशेब पैपर्यंत लावला, पण जांभळापाशी माझा हात मुकाट्यानं खिशात जातो. त्याला कारण आहे.

1986 साली इगतपुरी तालुक्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचं काम पाहत होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विहिरीसाठी अर्ज केला होता, म्हणून पाहणीला गेलो. जमीन, बैल, कौलारू घर, सारं नोंदवलं. बांधावर दोघांच्या कवेत मावणार नाही असं जांभूळ उभं होतं. म्हातारा म्हणाला, "साहेब, ये झाड बी लिहा ना. माह्या आज्यानं लावेल हाये."

मी अर्ज चाळला. "बाबा, झाडाला रकाना नाही," म्हणालो आणि पान उलटलं.

पंधरा दिवसांनी तो स्वतःच्या हिश्शाची रक्कम घेऊन शाखेत आला. पैसे कुठून उभे केले, असं मी सहज विचारलं. "जांभूळ इकलं," तो म्हणाला. त्या रकमेच्या पावतीवर सही माझीच आहे.

जांभूळ म्हणजे काय, हे तेव्हा मला फक्त जिभेपुरतं ठाऊक होतं. बाकीचं निवृत्तीनंतर, झाडाखाली उभं राहून शिकलो. आपल्याकडे ते माळावर, ओढ्याकाठी, कुठंही दिसतं. पण त्याचा खरा थाट पाहावा तो सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित रानात. महाबळेश्वरला अंजनी नि पिसा यांच्या जोडीनं जांभळाचंच राज्य आहे. लिनिअसनं 1753 साली त्याची शास्त्रीय नोंद केली. पुढं नाव बदलत बदलत 1912 साली ते 'सायझिजियम क्युमिनी' झालं. मराठीत त्याच्या साऱ्या घराण्यालाच 'जंबुल कुल' म्हणतात. हे घराणं आपल्या घरात कुठं कुठं आहे पाहा: मसाल्याच्या डब्यातली लवंग, परसातला पेरू, सर्दीवरचं निलगिरीचं तेल, सारी जांभळाची भावंडं.

पटत नसेल तर जांभळाचं पान उन्हाकडे धरावं. सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळलं की वास येतो तो त्यांचा. पानाच्या कडेच्या आत, कडेला समांतर एक बारीक शीर धावते, खतावणीच्या पानावरच्या समासासारखी. उन्हाळ्यात जुन्या, पानं झडलेल्या डहाळ्यांवर फुलांचे घोस येतात. पाकळ्या एकमेकींना चिकटून टोपीसारख्या होतात आणि टोपीसारख्याच गळून पडतात. उरतो तो पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका. त्यावर मधमाश्यांची झुंबड. पावसाच्या तोंडावर फळ पिकतं.

बीची गंमत तर आणखी. धान्यासारखं ते साठवता येत नाही. सुकलं की काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची ताकद जाते. फळ खाल्लं की लगेच बी मातीत गेलं पाहिजे. आणि एका बीतून कधी कधी दोन-तीन रोपं निघतात, कारण आत एकाहून अधिक गर्भ असतात.

त्याच काळात या घराण्यातलं दुसरं झाड मात्र आमच्या कागदांवर मानानं बसलं होतं. निफाड तालुक्यातल्या विनायकदादा पाटलांनी शेतात निलगिरी लावण्याची चळवळ उभी केली आणि आमच्या जिल्ह्याचं नाव त्यासाठी गाजलं. निलगिरीला रकाना होता: एकरी झाडं किती, पहिली तोड कोणत्या वर्षी, उत्पन्न किती. दोष निलगिरीचा नव्हता, दादांचा तर नव्हेच. ज्याचा हिशेब मांडता येतो त्यालाच आम्ही संपत्ती म्हणत होतो.

आता दिवस पालटले आहेत. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे जांभळालाही रकाना मिळाला. तरी 2025 च्या अखेरीस सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून नाशकात वादळ उठलं, तेव्हा 'एका झाडाच्या बदल्यात अनेक रोपं' हा हिशेब ऐकून मला तो म्हातारा आठवला. दोन पिढ्यांची सावली आणि पिशवीतलं वीतभर रोप यांची बेरीज-वजाबाकी कोणत्या वहीत करायची?

मध्यंतरी त्या पाड्यावर जाऊन आलो. म्हातारा केव्हाच गेला. विहीर आहे, फाल्गुनात तळ दाखवते. बांधावर मात्र मी जागीच थबकलो. जांभूळ उभं होतं! एकाच बुंध्यातून दोन खोडं वर गेलेली. नातू म्हणाला, "आज्यानं बुडखा खणू दिला न्हाई. त्याच्यातूनच फुटलं ये." जांभूळ तोडलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. मला हे पुस्तकात वाचावं लागलं, म्हाताऱ्याला ते आधीच ठाऊक होतं.

त्यानं ओंजळभर जांभळं दिली. मी नातवाला पावतीची गोष्ट सांगितली. तो हसला, म्हणाला, "इहिरीचं पानी आमीच पेलो ना साहेब."

बिया घरी आणून त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या डब्यांत लावल्या. वाचकहो, यंदा जांभळं खाल तेव्हा बी केराच्या टोपलीत टाकू नका. आठवडा उलटायच्या आत कुठल्या तरी मोकळ्या मातीत ती दाबून या.