जुन्या पोळ्यांतील मेण आणि वैशाखाचे ऊन

मध काढून झाला की काळवंडलेली रिकामी पोळी बहुधा उकिरड्यावर जातात. कामाचा तो मध, बाकीचा कचरा, अशी समजूत त्यामागे असते. वस्तुतः एक किलो मेण तयार करण्यासाठी मधमाश्यांना ६ ते ८ किलो मध खर्ची घालावा लागतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे. शुद्ध मेणाला सौंदर्यप्रसाधने, मलमे व पॉलिश यांच्या उद्योगांत मागणी असते. मधपेटीच्या चौकटीत बसवावयाचे मेणपत्रेही त्याचेच बनतात. असा पत्रा दिल्यास माश्यांचे मेण बांधण्याचे श्रम वाचतात व तितका मध शिल्लक राहतो.

सातेरी मधमाशीचे पालन सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरच्या परिसरात चांगले रुजले आहे. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तेथेच असून, त्या तालुक्यातील मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. मात्र पोळी साठवण्याची खरी अडचण सखल कोकणात जाणवते. पनवेल तालुक्यात खारघरच्या डोंगरापाशी वसलेल्या बेलपाड्यासारख्या ठिकाणी जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चार महिने उन्हाचा भरवसा नसतो. तेवढ्या काळात दमट हवेत ठेवलेल्या पोळ्यांत मेणकीड शिरते आणि त्यांचा जाळीदार भुगा करून टाकते. या किडीच्या अळीला केवळ मेण पुरत नाही; पोळ्यातील परागकण व माशीच्या कोशांची आवरणे यांवर ती पोसते. म्हणूनच गाळलेल्या स्वच्छ मेणाच्या वडीला तिचा उपद्रव सहसा होत नाही. पोळी पावसाळ्यापूर्वीच वितळवावयास हवीत, ती यासाठी.

मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते. चुलीवर थेट तापविल्यास ते काळे पडते, पेट घेण्याचाही धोका असतो. सौर पेटीत या दोन्ही गोष्टी टळतात व सरपणही लागत नाही. गावातील सुताराला ही पेटी सहज करता येते. लाकडी पेटीला काळा रंग द्यावा व वर दोन काचा मध्ये थोडी फट ठेवून बसवाव्यात. आत अॅल्युमिनिअमचा उतरता पत्रा, त्याच्या खालच्या टोकाशी जाळी आणि जाळीखाली थोडे पाणी घातलेले भांडे असावे. लोखंड वा तांबे मात्र वापरू नये. त्याने मेणाचा रंग बिघडतो. काच ऊन आत घेते, पण तापलेल्या पत्र्याची उष्णता सहजी बाहेर सोडत नाही. त्यामुळे निरभ्र दुपारी आतील तापमान मेणाच्या वितळणबिंदूपलीकडे जाते.

पनवेल सुमारे १९ अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यास मध्यान्हीचा सूर्य तेथे जवळजवळ डोक्यावर येतो. तेव्हा काच सपाट असली तरी चालते. उतार लागतो तो मेण ओघळण्यासाठी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेस कलतो, तेव्हा पेटीचे तोंड दक्षिणेकडे करून ती अधिक तिरपी ठेवावी. झाकण घट्ट हवे, अन्यथा मधाच्या वासाने माश्या आत शिरून मरतात.

नव्या पांढुरक्या पोळ्याचे जवळजवळ सर्व मेण या पेटीत उतरते. जुन्या, अंडी-अळ्यांच्या पोळ्यांचे तसे नाही. त्यांतील कोशांची आवरणे वितळलेले मेण स्पंजाप्रमाणे शोषून घेतात. अशी पोळी फोडून, पाण्यात भिजवून, पातळ थरात पसरावीत आणि नव्या पोळ्यांत मिसळू नयेत. उरलेला चोथा फडक्यात बांधून गरम पाण्यात दाबल्यास आणखी थोडे मेण निघते. त्यानंतर तो खताच्या खड्ड्यात टाकता येतो.