पोराच्या क्वाड बाईकला पिकअप नाही? कार्बोरेटर खोलायच्या आधी हा एक स्क्रू बघा

देवराष्ट्रे हे सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं गाव. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून त्याची ओळख होतीच, पण डिसेंबर २०२१ मध्ये ते वेगळ्याच कारणाने व्हायरल झालं. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातल्या सुट्या भागांतून छोटी जीप बनवली होती. दुचाकीसारखी किक मारली की सुरू होणारी. आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ शेअर केला, कौतुक केलं आणि ही गाडी नियमांत बसत नाही, हेही त्याच पोस्टमध्ये सांगितलं. जानेवारी २०२२ मध्ये त्या जीपच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

सांगली-साताऱ्याकडे असे जुगाडू हात कमी नाहीत. म्हणूनच घरातल्या लेकराची क्वाड बाईक रेंगाळायला लागली की कुणीतरी पाना घेऊन थेट कार्बोरेटरवर तुटून पडतं. बऱ्याचदा कार्बोरेटर बिचारा ठणठणीत असतो.

क्वाड बाईक म्हणजे चार जाड टायरांची, हँडलवर चालणारी गाडी. पाचगणी-महाबळेश्वरला पर्यटकांना एटीव्ही राईड म्हणून जी मिळते, तिचंच हे धाकटं भावंड. ४९ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनापासून ११०-१२५ सीसीच्या फोर-स्ट्रोकपर्यंत.

मुद्दाम बांधलेला वेग

या गाड्यांत ॲक्सिलरेटर बहुतेकदा अंगठ्याने दाबायचा असतो. त्या लिव्हरच्या डबीवर बाहेर आलेला एक छोटा स्क्रू आणि त्याला आवळलेला नट दिसतो. हा थ्रॉटल लिमिटर. स्क्रू जितका आत, तितका लिव्हर कमी दाबला जातो. नवी गाडी येते तेव्हा तो बऱ्याचदा आत फिरवलेलाच असतो. काही गाड्यांत सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक भोकाचा वॉशरही घातलेला असतो.

म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणतो, ती कंपनीने ठरवून केलेली गोष्ट असू शकते. अमेरिकेतल्या मानकांनुसार ६ वर्षांवरच्या मुलांच्या क्वाडचा वेग लिमिटर लावून ताशी सुमारे १६ किलोमीटर, आणि तो काढला तरी सुमारे २४ किलोमीटरच्या आत असावा लागतो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत याहून कडक आहे. १६ वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये, असं ती सांगते. कारण साधं आहे. गाडी उलटली तर तिचं वजन मुलाच्या अंगावर येतं, आणि ते बाजूला सारण्याइतकी ताकद मुलात नसते.

तेव्हा गाडी आधीपासूनच हळू होती की आता हळू झाली, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. आधीपासूनच हळू असेल तर ती बहुधा ठीकच आहे. परवा-परवापर्यंत पळत होती आणि आता ढिम्म असेल, तर पुढे वाचा.

आवाज ऐका

मुलाला लांब उभं करा. मागची चाकं जमिनीपासून उचलली जातील असा भक्कम ठोकळा गाडीखाली घाला. इंजिन बंद असतानाच मागचं चाक हाताने फिरवून बघा. (चेनजवळ बोटं नकोत.) चाक जड फिरत असेल तर ब्रेक घासतोय किंवा चेन फार ताणलेली आहे. टायरमध्ये हवा कमी असली तरी गाडी ओढल्यासारखी चालते. ही तपासणी फुकटात होते, तरीही तीच सगळ्यात जास्त विसरली जाते.

मग ठोकळा काढून गाडी चाकांवर उभी करा आणि मोकळ्या मैदानात, शक्य असेल तर हलक्या अंगाच्या मोठ्या माणसाने, ती थोडी चालवून बघावी. रेस दिल्यावर इंजिन किंचाळतंय पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर इंजिन बरं आहे आणि ताकद वाटेत गळतेय. क्लचचे शू झिजलेत, किंवा बेल्टवाली गाडी असेल तर बेल्ट घसरतोय. अशा वेळी कार्बोरेटर खोलणं म्हणजे पोट दुखतंय म्हणून कान तपासणं.

याउलट रेस देऊनही आवाज चढत नसेल, गाडी घुटमळत असेल, तर हवा आणि पेट्रोलचं गणित बिघडलंय. चोक ओढलेला राहिलाय का, ते आधी बघा. हसू नका, हे फार वेळा होतं. केबल ढिली पडली असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही आतला थ्रॉटल अर्धाच उघडतो.

त्यानंतर एअर फिल्टर. पाचगणीच्या पठारावरची तांबडी धूळ असो की जत-आटपाडीकडची, स्पंजच्या फिल्टरमध्ये ती चिखलासारखी बसते. फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टरचं तेल हलकं लावा. फिल्टर काढून गाडी चांगली पळतेय म्हणून तशीच चालवायची नाही. तीच धूळ मग पिस्टनवर जाते.

स्पार्क प्लग काढून बघितला तर तो बरंच काही सांगतो. फिका तपकिरी असेल तर ठीक. कोरडा आणि काजळीने काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. काळा आणि तेलकट असेल, आणि गाडी टू-स्ट्रोक असेल, तर पेट्रोलमध्ये ऑईल जास्त पडतंय. पुस्तिकेत दिलेलं प्रमाण मापून घाला, अंदाजाने नको. पांढरट असेल तर उलट, पेट्रोल कमी पोचतंय. चोक किंचित ओढल्यावर गाडी सुधारत असेल तरी अर्थ तोच. जेटमध्ये कचरा आहे.

ऊस, घाट आणि पेट्रोल

हा कचरा येतो कुठून? बहुतेकदा टाकीत महिनोन्महिने पडून राहिलेल्या पेट्रोलमधून. दिवाळीच्या सुट्टीत गाडी चालते आणि मग थेट उन्हाळ्यात बाहेर निघते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही याच दोन जिल्ह्यांतल्या उसातून येतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी ठेवली की काय होत असेल, याचा अंदाज करा. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा, फ्लोटची वाटी आणि जेट कार्बोरेटर क्लीनरने साफ करा. ठेवणीत टाकण्याआधी टाकी आणि वाटी रिकामी करा. हे काम उघड्यावर, विस्तवापासून लांब.

आणि घाटाचं काय? सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. वर हवा साधारण ७ टक्के विरळ, म्हणजे ताकदही तेवढीच कमी. चढावर गाडी थोडी सुस्त वाटेल, पण सपाटीवर जागची हलत नसेल तर दोष घाटाला देऊ नका.

रस्त्यावर नाहीच

मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून २५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सूट आहे, पण ती चारपेक्षा कमी चाकांच्या गाड्यांना. त्यामुळे ४९ सीसीची क्वाड ‘खेळणं आहे हो’ म्हणून गल्लीतल्या रस्त्यावर सोडता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ए नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शेताचं आवार किंवा बंदिस्त मैदान बरं. तिथेही हेल्मेट हवंच.

एवढं सगळं करून गाडी ठीक निघाली, मूल सरावलं, वयाने आणि उंचीने गाडीला साजेसं झालं, तर लिमिटरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर घ्या. एकदम काढू नका. मोठ्या माणसाला शेजारून धावत गाडी गाठता येईल इतकाच वेग ठेवा. मग नट आवळा, इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण दाबा आणि सोडा. तो टक्कन मागे यायला हवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पुन्हा तेच करा. कुठेही अडकला तर त्या दिवशी किल्ली खिशातच.