रक्तक्षयाचे दुसरे कारण

“डॉक्टरसाहेब, पोरीच्या अंगात रक्तच नाही,” ही तक्रार पांढुर्णा-सौंसर भागातील प्रत्येक दवाखान्यात रोज ऐकू येते. तिच्यावर लोहाची बाटली लिहून देण्याची आपली प्रथा आहे आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ती योग्यही ठरते. प्रश्न उरतो तो लोह देऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वाढत नाही अशा मुलांचा. त्यातही ज्या मुलाला संधिवात, ल्युपस किंवा सिलियाक यांसारखा स्वयंप्रतिकार विकार आहे, त्याच्या कागदावर ‘रक्तक्षय, कारण अज्ञात’ असा शेरा हमखास येतो. आपल्या भागात याहून मोठा धोका म्हणजे चुकीचे कारण सापडण्याचा, आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा स्वतःच्याच पेशींना परके मानू लागते, तेव्हा स्वयंप्रतिकार विकार जडतो. अशा रुग्णाचे रक्त चार वाटांनी कमी होऊ शकते. पहिली वाट दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाची. दाहामुळे यकृतात हेप्सिडिन नावाचे द्रव्य वाढते. ते आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातले लोहही बाहेर पडू देत नाही. कोठार भरलेले असते, पण किल्ली हरवलेली असते. दुसरी वाट प्रत्यक्ष नाशाची. रक्तातील प्रतिद्रव्ये तांबड्या पेशींना चिकटतात आणि १२० दिवस जगणारी पेशी काही दिवसांतच फुटते. तिसरी वाट अपुऱ्या शोषणाची. सिलियाक विकारात गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याचे अस्तर झिजते आणि लोह व फॉलिक ॲसिड अंगी लागत नाही. चौथी वाट औषधांची. वेदनाशामकांमुळे जठरातून नकळत रक्तस्राव होतो, तर मेथोट्रेक्सेटमुळे फॉलिक ॲसिडच्या कार्यात अडथळा येतो.

आता आपल्या भूमीकडे वळू. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. तेव्हापासून विदर्भ आणि त्याला लागून असलेला आपला मुलूख या आजारासाठी ओळखला जातो. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि गावोगावी तपासणी होऊ लागली. हे अत्यंत आवश्यक काम आहे. मात्र तपासणीबरोबर एक सूक्ष्म जबाबदारीही आपल्यावर आली. सोल्युबिलिटी चाचणी वाहकात आणि रुग्णात, दोघांतही सकारात्मक येते. भेद कळतो तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या तपासणीने. आणि निव्वळ वाहक असल्याने रक्तक्षय होत नाही. वाहकाचे हिमोग्लोबिन कमी असेल, तर दुसरे कारण शोधलेच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शाळकरी मुलगी आली. सांधे दुखत, चेहरा पांढराफटक, डोळ्यांत किंचित पिवळेपणा. सिकलची चाचणी सकारात्मक, म्हणून निदान झाले असे घरच्यांनी मानले होते. एचपीएलसीत ती केवळ वाहक निघाली. रेटिक्युलोसाइट पेशी मात्र खूप वाढलेल्या होत्या आणि कूम्ब्स चाचणी सकारात्मक होती. पुढील तपासण्यांत ल्युपसचे निदान झाले. योग्य उपचारांनी तिचे हिमोग्लोबिन हळूहळू स्थिरावले.

याच्या उलटही घडते. सिकलसेलच्या रुग्णाचे हातपाय दुखतात आणि त्याला ‘वात’ म्हणून स्टेरॉइड दिले जाते. त्याने दुखणे काही दिवस दबते, पण औषध थांबताच तीव्र वेदनांचा झटका उसळू शकतो.

म्हणून समव्यावसायिक मित्रांना माझी विनंती आहे. लोहाला प्रतिसाद न देणाऱ्या मुलात रक्तपटल, रेटिक्युलोसाइट, सीआरपी, फेरिटिन, एचपीएलसी आणि कूम्ब्स या तपासण्यांचा क्रमाने विचार व्हावा. दाह असताना फेरिटिन खोटेच वाढते. त्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार अशा स्थितीत पाच वर्षांखालील मुलांत ३० च्या आणि मोठ्यांत ७० मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खालील आकडा लोहाची कमतरता दर्शवतो. रक्त चढवण्याची वेळ आली, तर आधी नमुना काढून ठेवावा. दात्याच्या पेशी मिसळल्यावर एचपीएलसीचे उत्तर भरवशाचे राहत नाही.

पालकांसाठीही चार शब्द. अशा मुलाचा थकवा हा आळस नव्हे, हे घरात आणि शाळेत दोन्हीकडे समजले पाहिजे. सर्व अहवाल तारखेनिशी एकाच वहीत लावावेत. मूल छिंदवाड्याला जावो की नागपूरला, ती वही सोबत असावी. स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नये. तपासणीवाचून लोह वाढवत नेऊ नये. रक्त वारंवार चढवावे लागते अशा मुलात लोह साठून अपायही होतो. लघवी गडद होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. सिलियाकच्या मुलाला ज्वारीची भाकरी चालते, आणि ती तर आपल्या चुलीवरचीच आहे. मात्र ज्वारी दळताना गव्हाचे पीठ तिच्यात मिसळू देऊ नये.

एका देहात दोन आजार सुखेनैव नांदू शकतात. पहिला सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबू नये. २०२३ मध्ये जिल्हा झालेल्या आपल्या पांढुर्ण्यात आरोग्यसेवा वाढत जाईल, यंत्रेही येतील. पण ‘एवढ्याने हे सारे उलगडते का?’ हा प्रश्न यंत्र विचारत नाही, तो आपणच विचारायचा असतो.